हेमकूटावरची गच्ची

माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, की इतिहास पाठीमागून येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. माझ्या खांद्यावर हात ठेवला तो माकडानं, आणि मी वळून बघेपर्यंत त्याच्या दुसऱ्या हातात माझा चष्मा होता.

हे हंपीत झालं. विरूपाक्षाच्या गोपुरासमोर, १९९६ सालच्या दिवाळीच्या सुटीत, दुपारी. मी सांगलीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होतो. म्हणजे विजयनगर दर जुलैत वसवत होतो आणि दर फेब्रुवारीत पाडत होतो. अकरा वर्षं हे चालू होतं. प्रत्यक्ष गाव मात्र पाहिलेलं नव्हतं.

"केळं द्या त्याला," रत्नमाला म्हणाली. रत्नमाला म्हणजे माझी बायको.

"केळं तुझ्या पिशवीत आहे."

"चष्मा तुमचा आहे."

शेवटी तिनंच केळं दिलं. माकडानं चष्मा खाली टाकला. डावी काच निघाली आणि दगडावर तिचे तुकडे झाले. माझा नंबर उणे सहा. त्यामुळे पुढच्या दोन दिवसांत मी जे काही पाहिलं ते निम्म्या नजरेनं पाहिलं. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मला ते समजावून सांगायला नको.

मी भग्नावशेष बघायला आलो होतो आणि रत्नमाला घर मागायला. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि आठ घरं झाली होती, सगळी भाड्याची. पहिल्या घरमालकाला पाण्याचा त्रास होता, दुसऱ्याला पाहुण्यांचा. सहाव्या घरात मालक आमच्या डोक्यावर राहत आणि त्यांच्या मातोश्री पहाटे साडेचारला चटणी कुटत. पण आठही जण एका गोष्टीवर ठाम होते: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. रत्नमालाच्या वडिलांचा एक मोठा फोटो होता, शिसवी चौकटीतला. तो नऊ वर्षं ट्रंकेवर भिंतीला टेकून उभा होता. फोटोतले मामंजी दर वर्षी थोडे जास्त मागे रेलल्यासारखे वाटत.

आमच्या कॉलेजातल्या हेडक्लार्कच्या बायकोनं हंपीच्या हेमकूट टेकडीवर दगडावर दगड रचला होता आणि अडीच वर्षांत त्यांचा विश्रामबागेत बंगला झाला. रचावेत तेवढे मजले मिळतात. रत्नमालाला हे कळल्यापासून ती माझ्या विजयनगरात एकाएकी रस घेऊ लागली होती.

आम्ही उतरलो होतो नागम्माकडे. देवळासमोरच्या जुन्या बाजारात दगडी खांबांच्या ओळी आहेत. त्या वेळी त्या खांबांच्या मध्ये विटा लावून लोक संसार करत होते. पाचशे वर्षांपूर्वी जिथं माणकं विकत असतील तिथं नागम्मा इडली विकायची आणि मागची एक खोली प्रवाशांना द्यायची. तिचं माहेर निपाणी. त्यामुळे मराठी पक्की होती, फक्त चाल कानडी.

"घर बांधायला आलाय न्हवं?" तिनं रत्नमालाकडे बघूनच ओळखलं. "बांधा की. समदे बांधतात. पण अक्का, एक ध्यानात ठेवा. सुटा दगड घ्यायचा. दुसऱ्याच्या रचलेल्यातला घ्यायचा नाही."

"घेतला तर?" मी विचारलं. प्राध्यापकाला शंका विचारायची सवय नसते, पण सुटीत चालतं.

"मोडलं तर चालतं सर. वारा मोडतो, माकड मोडतं. त्याला पाप नाही. पण घेतला तर ज्याचा दगड, ते येतात."

"कोण?"

"घरवाले."

"आणि येऊन काय करतात?"

नागम्मानं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

"काय करणार? राहतात."

संध्याकाळी आम्ही टेकडीवर गेलो. हेमकूट म्हणजे एक सलग उघडा खडक आहे, हत्तीच्या पाठीसारखा. त्यावर लहान-लहान देवळं, आणि देवळांच्या मधल्या जागेत दगडांच्या ढिगोळ्या. ढिगोळ्या म्हणणं बरोबर नाही. घरंच होती ती. तीन मजली, पाच मजली. एकानं तर सात रचले होते. हजारभर तरी असतील. पाय ठेवायला जागा नव्हती. पुण्यात सिंहगड रोडला तेव्हा असंच चाललं होतं.

रत्नमालानं पदर खोचला, एक कोपरा निवडला आणि म्हणाली, "तळमजला, पहिला, दुसरा. वर गच्ची. आपण दुसऱ्यावर."

"गच्चीच्या लगेच खाली उन्हाळ्यात तापतं."

"तापू दे. डोक्यावर कुणी नको."

सहाव्या घरातली चटणी तिच्या कानांत अजून कुटली जात होती.

अडचण ही होती, की टेकडीवर सुटा दगडच नव्हता. आधी आलेल्यांनी सगळे वापरले होते. मी एका बाजूला गेलो, ती दुसऱ्या. वीस मिनिटांनी मी परत आलो तेव्हा तिनं खालचा रुंद दगड बसवून त्याला कुंकवाचं बोट लावलं होतं आणि त्यावर दोन दगड उभे केले होते. "मिळाले बाई," ती म्हणाली. तिला घाम आला होता. "आता गच्ची आणा. चपटी हवी."

शेजारीच एक घर होतं. नीट, सुबक, आणि वर एक चपटा दगड, पोळपाटासारखा. सूर्य तुंगभद्रेपलीकडे उतरत होता. रत्नमाला पाठमोरी होऊन हात जोडून उभी होती. मी इतिहासाचा माणूस. हंपीतल्या देवळांचे दगड काढून लोकांनी गोठे बांधले आहेत आणि गोठ्यांचे काढून पूल. मी तो चपटा दगड उचलला आणि आमच्या घरावर ठेवला. अगदी बरोब्बर बसला.

"कुठं मिळाला?"

"पडला होता."

दुसऱ्या दिवशी आम्ही राजवाड्यांचा भाग बघायला निघालो. मंजुनाथ नावाचा एक रिक्षावाला ठरवला होता. मिशीवाला, मितभाषी, प्रत्येक अवशेषासमोर रिक्षा थांबवून "खल्लास" म्हणायचा. हत्तीखाना नीट उभा आहे. तिथं मात्र तो "अच्छा" म्हणाला.

राजवाडे मात्र खरंच खल्लास. ते लाकडाचे होते, जळून गेले. उरलीत ती दगडी जोती. जोत्यावर चढलं की खोल्यांच्या नुसत्या रेघा दिसतात: हा दिवाणखाना असावा, हे माजघर. भिंत कुठेच नाही. भर दुपार होती, बारा-साडेबारा. चिटपाखरू नव्हतं.

चिटपाखरू नव्हतं म्हणेपर्यंत ते चौघे दिसले.

पुढे एक माणूस, डोक्यावर पत्र्याची ट्रंक. मागे हिरव्या लुगड्यातली बाई, काखेत वळकटी. तिच्यामागे एक म्हातारी, आणि सहा-सात वर्षांची मुलगी. समोरच्या जोत्याच्या पायऱ्या ते चढले. वर गेल्यावर म्हातारीनं चपला काढल्या, मग बाकीच्यांनी. जिथं काढल्या तिथं दार असणार, असं माझ्या मनात आलं, कारण मग चौघे एकामागून एक, थोडे वाकून आत गेले. वाकायला वर काही नव्हतं.

"रत्ना, ते बघितलंस?"

"बघतेय."

मुलगी पळत सुटली. पण सरळ पळाली नाही. मोकळ्या जोत्यावर मध्येच उजवीकडे वळली आणि भिंतीआड गेली. भिंत नव्हती. तरी ती दिसेनाशी झाली. मी उरलेली काच डाव्या डोळ्यावर धरून पाहिलं, मग उजव्या. दोन्हींनी जोतं मोकळं होतं आणि मुलगी नव्हती.

बाईनं वळकटी ठेवली. कमरेचं काहीतरी काढलं, हवेत धरलं आणि दगडानं ठोकू लागली. टक, टक, टक. आवाज आमच्यापर्यंत येत होता. मग तिनं ट्रंकेतून काहीतरी चौकोनी काढून तिथं अडकवलं, दोन पावलं मागे आली आणि मान कलती करून बघत राहिली.

"तिरका लागलाय," रत्नमाला म्हणाली आणि चालू लागली.

"कुठं निघालीस?"

"सांगून येते."

ती पायऱ्या चढली. तिनं चपला काढल्या, म्हातारीच्या चपलांशेजारी. हिरव्या लुगड्यातली बाई पुढे आली, दोघी काही बोलल्या. मग रत्नमाला थोडी वाकली आणि आत गेली. मुलगी वळली होती तिथंच वळली.

आणि जोत्यावर कुणीच नव्हतं.

माणूस नाही, ट्रंक नाही, बायको नाही. दगडाच्या रेघा आणि ऊन. मी हाक मारली. ती मोकळ्यावर मारलेल्या हाकेसारखी गेली नाही; कुणाच्या घराबाहेर उभं राहून मारावी तशी आपटून परत आली.

मंजुनाथ रिक्षातून उतरला.

"सार, मॅडम एल्ली? कुठं गेल्या?"

"त्या लोकांकडे. ते आत्ता तिथं होते ते."

"कोण लोग?"

मी जोत्याकडे बोट दाखवलं. त्यानं डोळ्यांवर हात धरून शांतपणे पाहिलं आणि मग माझ्या चष्म्याकडे पाहिलं.

मी पायऱ्यांपर्यंत गेलो. रत्नमालाच्या चपला तिथंच होत्या. मी गेल्या महिन्यात अंगठा शिवून आणलेल्या. शेजारी आणखी चार जोड. पण माझं पाऊल वर उचलेना. नऊ वर्षांत माझ्या मनात पहिल्यांदा आलं, की हिला हवं तसं घर मिळालं तर ही कशाला परत येईल?

दहा मिनिटं गेली. मी घड्याळ बघत होतो म्हणून सांगतो. मग ती त्याच कोपऱ्यावरून बाहेर आली, पदरानं ओठ पुसत.

"पाणी गोड आहे यांच्याकडं," ती म्हणाली.

"कुठं होतीस?"

"आत."

"आत काय आहे?"

"घर. काय असणार?" तिनं चपला घातल्या. "तीन खोल्या. उजेड चांगला येतो. स्वयंपाकघर पूर्वेला." थोडं थांबून म्हणाली, "छत नाहीये. तेवढं सोडलं तर बाई सुखी आहे."

पुढच्या जागी मंजुनाथनं "खल्लास"सुद्धा म्हटलं नाही.

चार वाजता आम्ही बाजारात परतलो. आमच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात. दाराबाहेर चपलांचे चार जोड नीट लावून ठेवले होते. एक जोड लहान.

नागम्मा इडलीचं भांडं घासत होती. तिनं मान वर केली.

"पाहुणे आलेत काय, सर?"

मी कुलूप काढलं. खोलीत कुणी नव्हतं. आमची पिशवी, दोन कॉट आणि कोपऱ्यात पाण्याची कळशी. कळशी सकाळी भरलेली होती. आता निम्मी होती.

नागम्मा दारात येऊन उभी राहिली. तिनं चपला मोजल्या. मग आमच्याकडे बघितलं, आधी माझ्याकडे, मग रत्नमालाकडे.

"कुणी घेतला?"

"काय?" मी म्हणालो.

"मला काय सांगू नका. देऊन या म्हंजे झालं," ती म्हणाली आणि भांड्याकडे गेली. जाता जाता त्या चपला ओलांडून नाही, वळसा घालून गेली.

सकाळी चपला नव्हत्या. मी सहाच्या सुमाराला उठलो. रत्नमाला भिंतीकडे तोंड करून निजली होती. मी टेकडी चढलो.

आमचं घर लगेच सापडलं. खालच्या दगडाला कुंकू होतं. शेजारचं सुबक घरही तिथंच होतं, बोडकं. मी आमची गच्ची उचलली. दगड रात्रभर गार पडला होता आणि परवाच्यापेक्षा जड लागत होता. एक हात पुढे केला की काम झालं असतं. कुणाला कळलंही नसतं.

मी आमच्या घराकडे पाहिलं. तळमजला, पहिला, दुसरा. वर काही नाही. का कोण जाणे, मला मामंजींचा फोटो दिसला, ट्रंकेवर मागे रेललेला.

"सार."

ते चौघे एका देवळाच्या ओट्यावर बसले होते. अगदी जवळ, सात-आठ हातांवर. माझ्या उजव्या काचेला ते स्वच्छ दिसत होते: माणसाची दाढी वाढलेली, बाईच्या हातात हिरव्या बांगड्या, मुलगी म्हातारीच्या मांडीवर झोपलेली. ट्रंकेवर चौकट ठेवली होती. चौकटीत काय होतं ते मी पाहिलं नाही. पाहायचं नाही असं ठरवलं.

"हे तुमचं?" मी कानडीत विचारलं. माझी आई अथणीची, कानडी येतं.

"गच्ची," तो माणूस म्हणाला. तक्रार नव्हती आवाजात. रेशनच्या दुकानात पुढच्या माणसाला विचारावं तसं त्यानं विचारलं, "तुम्हाला पाहिजे काय?"

शिव्या दिल्या असत्या तर मी दगड तिथंच टाकून पळालो असतो.

"आमची आठ घरं झाली," मी म्हणालो. "नऊ वर्षांत."

त्यानं मान हलवली. त्याला ते पटलं. "आम्ही मोजत नाही," तो म्हणाला.

"तुमचं काय होणार पण?"

"आमचं काय. तुमची होऊ द्या. बायकामाणसाला बरं वाटतं." त्यानं आपल्या बायकोकडे पाहिलं. तिनं पदर नीट केला आणि माझ्या हातातल्या दगडाकडे पाहिलं.

मी गच्ची उचलली होती ती परत आमच्याच घरावर ठेवली. अगदी बरोब्बर बसली. दगडावर दगड बसल्याचा आवाज टेकडीभर ऐकू आला असावा, कारण मुलगी जागी झाली.

तिथून सरळ पाठ फिरवून निघणं बरं दिसेना. अशा वेळी आपल्या तोंडातून जे निघतं तेच निघालं. गाडीत भेटलेल्या माणसाला, तेराव्याला आलेल्या लांबच्या चुलत्याला, वीज तोडायला आलेल्या वायरमनला आपण जे म्हणतो, आणि ज्याचा अर्थ कुणीच मनावर घेत नाही.

"या एकदा घरी," मी म्हणालो.

माणूस उठून उभा राहिला.

"पत्ता?"

"पत्ता अजून नाही."

"झाला की येतो," तो म्हणाला. म्हातारीनं मला हात जोडले.

रत्नमालाला मी सांगितलं, फिरून आलो. तिनं विचारलं, "गच्ची आहे का जागेवर?" मी म्हटलं, आहे. तिनं पिशवी भरायला घेतली. दुपारच्या बसनं आम्ही होस्पेटला आलो. नागम्मानं वाटेत खायला इडल्या बांधून दिल्या. निघाल्यावर बघितल्या तर सहा जणांच्या होत्या.

पुढच्या दीड वर्षात आम्हाला फ्लॅट मिळाला. कसा ते सांगण्यात अर्थ नाही. सगळ्यांना मिळतो तसाच, अर्ज करून आणि लोकांच्या मागे लागून. तीन मजली इमारत. तळमजला, पहिला, दुसरा. आम्ही दुसऱ्यावर. वर गच्ची. चष्म्याची काच मी कधीच बसवून घेतली होती.

गृहप्रवेशाच्या दिवशी गुरुजी यायच्या आधी रत्नमालानं खिळा ठोकला. टक, टक, टक. मामंजींचा फोटो लावला, दोन पावलं मागे आली आणि मान कलती करून पाहिलं. त्या हिरव्या लुगड्यातल्या बाईसारखंच. पण फोटो सरळ होता.

त्याच आठवड्यात वरून आवाज आला. गच्चीवर कुणीतरी पत्र्याची ट्रंक ओढत होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी वर जाऊन पाहिलं. गच्ची मोकळी. पाण्याची टाकी आणि दोन दोऱ्या.

"कबुतरं असतील," मी खाली येऊन म्हणालो.

"असतील," रत्नमाला म्हणाली. डोक्यावर कुणी नको म्हणणारी बाई, पण त्या आवाजाबद्दल तिनं पंचवीस वर्षांत एकदाही कुरकुर केली नाही. उलट वर शांत असलं की अस्वस्थ व्हायची. सणाला गोडधोड केलं की एक वाटी घेऊन गच्चीवर जायची. कावळ्यांसाठी, म्हणायची. मी कधी विचारलं नाही. मलाही ती काही विचारत नसे.

पहिल्याच पावसाळ्यात छत गळलं. गळलं ते नेमकं खिळ्यातून. पाण्याची एक बारीक रेघ मामंजींच्या कपाळापर्यंत आली. सोसायटीनं डांबर लावलं, पत्रा लावला, रसायनं लावली. छत गळतच राहिलं. दर चार-सहा महिन्यांनी सेक्रेटरी मुळे आमच्या दाराखाली चिठ्ठी सरकवत: "गच्चीच्या जिन्यात चपलांचे जोड ठेवू नयेत. ही दुसरी सूचना." नंतर नंतर सूचनांचे आकडे लिहायचं त्यांनी सोडून दिलं. मी एकदा जाऊन बघितलं. चार जोड होते. त्यातला लहान जोड लहानच राहिला होता.

दोन वर्षांपूर्वी सोसायटीनं इमारतीची तपासणी करून घेतली. तरुण इंजिनिअर आला, हातोडीनं सगळीकडे ठोकून गेला आणि त्यानं अहवाल दिला. पाया खचला आहे. वरचा स्लॅब निकामी झाला आहे. मधले मजले ठणठणीत आहेत, असं त्यानं आवर्जून लिहिलं होतं, आणि अशी केस पहिल्यांदाच बघतोय म्हणाला.

अहवाल मी रत्नमालाला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती.

"स्लॅबचं मला माहीत आहे," मी म्हणालो. सत्तावीस वर्षांनी सांगायचं म्हटलं की वाक्य लांबत नाही. "गच्चीचा दगड मी शेजारच्या घरावरचा काढला होता."

"मला माहीत आहे."

"कसं?"

"त्या बाईनंच सांगितलं. आत पाणी पिताना." तिनं एक देठ मोडला. "पायाचा मी काढला होता. पलीकडच्या सात मजल्याचा. पायाच काढल्यावर तो सगळाच आडवा झाला. तुम्ही तिकडं होतात."

"मग त्यांचं काय झालं? सात मजल्यांचं?"

"ते आले नाहीत अजून," ती म्हणाली. "मी त्यांना या म्हटलंच नव्हतं."

"आणि ह्यांना?"

"ह्यांना म्हटलं होतं. छत नव्हतं हो त्यांना. म्हटलं, आमचं झालं की या." मग माझ्याकडे बघून, "का? तुम्हीपण म्हणालात?"

वर ट्रंक सरकली.

इमारत पाडून नवी बांधायची ठरलं. गेल्या मार्चमध्ये सामान हललं. टेंपो भरून झाल्यावर रत्नमाला किल्ल्या माझ्या हातात देऊन गच्चीवर गेली आणि पाच मिनिटांनी खाली आली.

"नवा पत्ता सांगून आले," ती म्हणाली. "म्हटलं, अडचण आहे, पण तात्पुरतं आहे."

टेंपोवाल्यानं विचारलं, "आणखी कुणी यायचंय का, काकू?"

"येतील ते मागनं."

इमारत पाडली त्या दिवशी मी बघायला गेलो होतो. जोतं उरलं होतं. वर खोल्यांच्या रेघा. हे आमचं स्वयंपाकघर, हा हॉल. ऊन रणरणत होतं आणि आत कुणीच नव्हतं, म्हणजे मला तरी दिसलं नाही. आता माझ्या दोन्ही काचा शाबूत आहेत.

बिल्डर म्हणतो, अडीच वर्षं लागतील. सध्या आम्ही भाड्यानं राहतो. हे नववं घर. तळमजला; वर मालक. करार अकरा महिन्यांचा आहे. त्यातलं सातवं कलम असं: भाडेकरूनं भिंतीला खिळा ठोकू नये.